पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं होतं म्हणून मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. आमच्या गिरणीत अर्ज इंग्रजीतूनच द्यायचा अशी टूम निघाली होती. मी कंत्राटी कामगार, रिंग खात्यात. पाळी सुटल्यावर दिव्याखाली बसून लिहिलं: ‘आय वॉन्ट टू डेज लिव्ह’. शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग कानाला जसं आलं तसं केलं, एल-आय-व्ही-ई. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं तो कागद हातात धरून साच्यांच्या आवाजावर आवाज चढवून वाचला आणि वर मराठीत भर घातली, “याला दोनच दिवस जगायचंय म्हणे!” खातं हसलं. मीपण हसलो. न हसून करतो काय?

रजा मिळाली. दादरच्या रांगेत सरकता सरकता माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. रजेचा ‘लीव्ह’ आणि जगण्याचा ‘लिव्ह’. एक लांब, एक आखूड. मी पहिलीपासून इंग्रजी शिकलेला पोरगा. २००० साली सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, त्यानंतरच्या पिढीतला. दहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही की हे दोन शब्द तोंडात वेगळे असतात. सांगणाऱ्याच्या तोंडात तरी कुठं वेगळे होते! आमच्या गावच्या शाळेत गुरुजी शिप आणि शीप एकाच सुरात वाचायचे. जहाज आणि मेंढरू एकच.

मग मी शोधायला लागलो. रविवारी वाचनालय, रात्री मोबाईल, कुणाकडून मागून आणलेलं जुनं व्याकरण. जे हाती लागलं ते इथं मांडतो. दोस्तांनो, मी काही भाषेचा पंडित नाही, पण वेलांटीच्या मागं केवढं राजकारण दडलंय ते बघून माझी झोप उडाली.

पहिली गोष्ट आपल्या कानाची. मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत जा आणि अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला बोलतं करा. ती ‘फूल’ म्हणताना ऊ लांबवते आणि ‘फुलाला’ म्हणताना आखडते. ‘वीट’ लांब, ‘विटेला’ आखूड. ‘मूल’ लांब, ‘मुलाला’ आखूड. तिला व्याकरण ठाऊक नाही, ते तिच्या जिभेत आहे. मराठीत इ आणि उ यांची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते. पुढं एकटं व्यंजन येऊन शब्द मिटला की स्वर आपोआप लांबतो. म्हणून ‘आखूड उ, मग एकटा ल, संपला शब्द’ असं काही आपल्या तोंडाला जमत नाही.

याचा पुरावा थेटराच्या बाहेर टांगलेला असायचा. ‘हाऊसफुल्ल’. कधी विचार केलाय का की मराठी माणसानं त्या फुलमध्ये दोन ल का घातले? एकच ल ठेवला तर तोंड त्याचं ‘फूल’ करून टाकतं. जोडाक्षर आलं की उ आखूड राहतो. पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं इंग्रजी आखूड स्वर मराठी युक्तीनं धरून ठेवला. त्याला कुणी भाषाशास्त्रज्ञ म्हणणार नाही, पण माझ्या लेखी तो आहे.

इंग्रजीत मात्र जागा कुठलीही असो, लांब वेगळा आणि आखूड वेगळा, आणि अर्थ त्याच्यावर टांगलेला. मिल म्हणजे गिरणी, मील म्हणजे जेवण. फिल म्हणजे भर, फील म्हणजे जाणव. पुल म्हणजे ओढ, पूल म्हणजे तळं. फुल म्हणजे भरलेला, फूल म्हणजे मूर्ख. आणि गंमत अशी की फरक नुसत्या लांबीचाही नाही. इंग्रजांचा आखूड इ म्हणजे आपला ई कमी वेळ म्हटला असं नव्हे. त्यात जीभ सैल पडते आणि जराशी ‘ए’कडं झुकते. ‘शिप’ म्हणताना थोडा ‘शेप’चा वास यावा. ‘शीप’ला जीभ ताणलेली, ओठ फाकलेले. नुसता वेळ मोजायला गेलात तर फसाल, कारण त्यांचा तोच ई ‘सीट’मध्ये कमी वेळ असतो आणि ‘सीड’मध्ये जास्त, पुढच्या व्यंजनाप्रमाणं. हे कळल्यावर मी आरशासमोर उभं राहून महिनाभर ‘लिव्ह-लीव्ह’ केलं. आईला वाटलं पोराला लागिर झालं.

आता साहेबाच्या घरात डोकावू. इंग्रजीचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ का बसत नाही? आपल्याला वाटतं आपलीच अक्कल कमी. तसं नाही. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले सगळे लांब स्वर आपल्या जागेवरून सरकले. चंद्राला ते आधी ‘मोन’ म्हणत, मग ‘मून’ म्हणायला लागले. मेंढराला ‘शेप’ म्हणत, मग ‘शीप’. ‘टाइम’ हा आधी ‘टीम’सारखा होता, ‘नेम’मधला ए आधी ‘आ’ होता. तोंडं बदलली, पण कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला होता आणि छापलेलं स्पेलिंग हळूहळू जुन्या जागीच गोठत गेलं. म्हणून ऊसाठी डबल ओ आणि ईसाठी डबल ई. मेलेल्या उच्चारांची हाडं आहेत ती. साहेबानं स्वतःच्या वेलांट्या कधी दुरुस्त केल्या नाहीत आणि त्याबद्दल त्याला कुणी अडाणी म्हटलं नाही.

हीच हाडं घेऊन तो आपल्याकडं आला. पुणे या नावातला उ आखूड आहे. साहेबाच्या कानाला तो लांब वाटला, शेवटचा ए त्यानं आ केला, आणि पी-डबल ओ-एन-ए असं लिहून पूना करून टाकलं. खडकीचं किर्की झालं. सरकारी कागदावरचं पूना जाऊन पुणे यायला १९७० नंतरचं दशक संपत आलं.

आपली नावं रोमन अक्षरांत कशी लिहायची यावर कलकत्त्यात मोठा खल चालला होता. विल्यम जोन्सनं १७८८ साली त्यावर निबंध छापला. फोर्ट विल्यम कॉलेजातला गिलख्रिस्ट डबल ओ, डबल ई वापरणारा. शेवटी विल्यम विल्सन हंटर या अधिकाऱ्यानं १८७० च्या सुमारास पद्धत बसवली: डबल अक्षरं नकोत, लांब स्वराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ द्यावी. पूनासारखी रुळलेली नावं तेवढी तशीच ठेवली. १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, त्यात ही रेघ ठिकठिकाणी आहे. आपल्या जातीचं नावसुद्धा तिथं मोठ्या काळजीनं, आ वर रेघ देऊन छापलंय. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचा स्वर मोजण्यात मात्र एका मात्रेची चूक नाही!

हा हंटर तुम्हाला परका नाही. १८८२ च्या शिक्षण कमिशनचा अध्यक्ष तोच. जोतिबांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला ज्याला निवेदन दिलं तोच हंटरसाहेब. जोतिबांनी त्याला सांगितलं की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा तुम्ही वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर उधळता, तो खालच्या शाळांकडं वळवा, निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. हिंदुस्थानातल्या गावांच्या नावांचा स्वर लांब की आखूड याचा निकाल या माणसानं लावला. त्या गावांतल्या पोरांना अक्षर मिळणार की नाही याचा निकाल मात्र लोंबकळत राहिला. सक्तीचं मोफत शिक्षण मुलांच्या हक्काचं व्हायला २००९ चा कायदा उजाडावा लागला.

आणि ती रेघही टिकली नाही. रस्त्याच्या पाटीवर कोण रेघा काढत बसतो? पौडावरून ताम्हिणीकडं जाताना आमच्याकडं माले नावाचं गाव लागतं. इंग्रजीत एम-ए-एल-ई. इंग्रजी शाळेत शिकलेलं पोर ते ‘मेल’ वाचतं, म्हणजे पुरुष. सूस गावाचं एस-यू-एस होतं, वाचणारा ‘सस’ वाचतो. ते गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, पण ‘सस’ काही सुटलं नाही. फक्त हिंजवडीशेजारच्या माणनं आपला स्वर राखलाय, डबल ए लावून. तिथं कंपन्या आल्या, परदेशी माणूस आला, त्यानं गावाला ‘मॅन’ म्हणू नये म्हणून लावला का कुणास ठाऊक. कोरेगावच्या जयस्तंभावर आपल्या शूरांच्या नावाअखेरचा ‘नाक’ एन-ए-सी असा कोरलाय. एकच ए. न सांगता वाचणारा ‘नॅक’ म्हणेल. तिथला आ आपणच तोंडी जपलाय.

इथवर इंग्रजी झालं. आता घरचं, कारण खरा काटा तिथं आहे.

माझ्या आजीच्या ट्रंकेत पणज्याच्या वेळचा एक कागद होता. मुळशीचं धरण बांधायला टाटा कंपनीनं मावळच्या जमिनी घेतल्या, १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो इतिहास आपण वाचलाय. शेवटी पाणी चढलंच, आणि ते पाणी भिऱ्याला कोसळून १९२७ पासून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पणजाही मग मुंबईच्या गिरणीत गेला. गावं बुडवून जी वीज काढली त्याच विजेवर तो साचा चालवायला गेला, यावर मी एक कविता लिहिलीय, ती पुढं कधीतरी. तो कागद मोडीत होता. मी चार आण्याच्या लायकीच्या एका फाटक्या पुस्तकावरून मोडी लावायला शिकलो आणि तो कागद वाचायला बसलो. आणि काय दिसावं? त्यात वेलांटी एकच!

मोडीत इ आणि ई यांना एकच वेलांटी, उ आणि ऊ यांना एकच उकार. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. शेकडो वर्षं मराठी राज्याचा कारभार त्यात झाला. सनदा, वतनं, खतं, निवाडे, लढाईची पत्रं, सगळं. वेलांटी आखूड पडली म्हणून कुणाची सनद रद्द झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. लिहिणारे बहुतेक ब्राह्मण-प्रभू कारकून, पण त्यांनासुद्धा पहिली-दुसरी वेलांटी लागत नव्हती. मग ती कधीपासून लागायला लागली?

छापखाना आला तेव्हापासून. मोडीचे खिळे पाडणं अवघड, म्हणून छापायला मुख्यतः बाळबोध आली, आणि बाळबोधीबरोबर संस्कृतच्या दोन वेलांट्या आल्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ ला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ ला, मग मेजर कँडी शाळेची पुस्तकं तपासायला बसलेला. साहेब विचारणार, शास्त्रीबुवा सांगणार. पुण्याच्या शास्त्र्याच्या तोंडात जे होतं ते शुद्ध ठरलं आणि मावळातल्या बाईच्या तोंडातलं ग्राम्य. जोतिबांनी ‘गुलामगिरी’ लिहिली १८७३ ला. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यात जोतिबांच्या व्याकरणाची टवाळी झाली. मुद्द्याला उत्तर नसलं की वेलांटीवर बोट ठेवायचं, ही तऱ्हा तेव्हापासूनची. माझ्या सुपरवायझरनं ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, ती हवेतच आहे.

आज चालतात ते नियम साहित्य महामंडळाचे. चौदा नियम १९६२ चे, चार १९७२ ला वाढवलेले. मी ते ओळन् ओळ वाचले, आणि इथं जरा थांबून ऐका. या नियमांत दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. एक, म्हातारीच्या जिभेवरचं व्याकरण: फूल-फुलाला, वीट-विटेला. ते आपलं आहे, ते शिकायला कुणाच्या पाया पडायला नको, तोंडानं म्हणून बघायचं. दुसरं, संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द संस्कृतप्रमाणं लिहायचे. ‘वीस’ लांब, पण ‘विष’ आखूड. तोंडात फरक आहे का? वीस रुपये म्हणा आणि विष म्हणा. ‘ऊन’ लांब आणि ‘गुण’ आखूड. ‘बुद्धी’ एकटी असली की शेवटी दुसरी वेलांटी, ‘बुद्धिवाद’ झाला की पहिली. हे कानाला कळत नाही, ज्याला संस्कृत येतं त्यालाच कळतं. बाकीच्यांनी पाठ करायचं आणि चुकल्यावर खाली मान घालायची.

आणि संस्कृत कुणाला येणार? एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फार्सी घ्यावी लागली. १८५६ साली धारवाडात एका महाराच्या पोराला सरकारी शाळेचा उंबरासुद्धा ओलांडू दिला नव्हता. आधी पेटीला कुलूप लावायचं आणि मग पेटीतलं का आणलं नाहीस म्हणून मार्क कापायचे.

इंग्रजीचं कुलूप वेगळं होतं आणि त्याची किल्ली आपल्या काही माणसांच्या हाती लवकर लागली. पलटणीत. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला पोराकडून घोकून घेतली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ ला ‘सोमवंशीय मित्र’ काढला आणि १९१० ला लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून थेट विलायत सरकारकडं अर्ज पाठवला, इंग्रजीत. कॅम्पात आणि पलटणीत साहेबाचं बोलणं कानावर पडत होतं. माझा अंदाज असा की पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या पंतोजीपेक्षा कॅम्पातल्या बटलरचे आखूड-लांब स्वर सरस असणार, आणि हसं मात्र बटलरचंच झालं. पलटणीची दारं १८९० च्या सुमारास बंद झाली, आणि कानानं येणारी ती इंग्रजीही थांबली.

बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीची मुलाखत आता मोबाईलवर ऐकायला मिळते. मी ती कितीदा ऐकलीय याचा हिशेब नाही. आधी अर्थासाठी, मग नुसत्या स्वरांसाठी. मला त्यात मराठी माणूस ऐकू येतो. साहेबाची नक्कल नाही, आणि एकही शब्द दुसऱ्या शब्दात मिसळत नाही.

आमच्या मंडळात यावरून भांडण झालं. एक जण म्हणाला, शुद्धलेखन भटांचं, जाळून टाका. दुसरा म्हणाला, तसं केलं तर नोकरीच्या परीक्षेत पोरं मार खातील. मी म्हणालो, दोन्ही वेलांट्या एका मापानं मोजू नका. इंग्रजीतला लांब-आखूड स्वर अर्थाचा आहे, तो आपण जिभेवर बसवून घ्यायचा, घासून घासून. मराठीतला निम्मा आपलाच आहे. उरलेला निम्मा परीक्षेपुरता शिकायचा, पण त्याच्यापुढं मान खाली घालायची नाही. भांडण मिटलं नाही, पण रविवारचा वर्ग सुरू झाला. विहारात सतरा पोरं येतात. मी मिल म्हणतो, ती हात खाली ठेवतात, मील म्हटलं की घास घेतल्यासारखा तोंडाशी नेतात. लहानी पोरं तरण्यांपेक्षा लवकर ओळखतात, कान अजून कोवळा आहे म्हणून असेल.

गेल्या आठवड्यात वस्तीच्या कमानीला रंग द्यायचं निघालं. जुन्या कमानीवर वर ‘जय भिम’ होतं आणि खाली ‘दलीत वस्ती’. वस्त्यांची जातीवरची नावं बदलायचं सरकारनं २०२० मध्ये ठरवलंय, म्हणून खालची ओळ तशीही जायची होती. तरी पेंटरनं विचारलं, “दादा, दोन्ही चुकलंय म्हणतात, खरं का?” मी त्याला सांगितलं, दलीत तू कानानं लिहिलंस. सगळी मराठी तोंडं तसंच म्हणतात, संस्कृतवाल्याला ते चूक, मला नाही. पण भीम तू कानानं लिहिला नाहीस. चौदा एप्रिलला मिरवणुकीत म्हणतोस तसा एकदा म्हण.

तो शिडीवर होता. त्यानं तिथूनच मोठ्यानं म्हटलं, खाली खेळणाऱ्या पोरांनी ओ दिली. मग त्यानं डबा उघडला आणि दुसरी वेलांटी काढली.